पूजेत मांडलेली चावी

मी दसऱ्याची पूजा लाथाडली, असं धरणगावात आमच्या गल्लीत अजूनही काही जण सांगतात. लाथाडली नव्हती. पाटावरची एक वस्तू घ्यायला गेले आणि घाईत पाट उलटला. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आता इतकी वर्षं झाली, तर माझ्या बाजूने एकदा सगळं सांगून टाकते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी माहेरची धुळ्याची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्नानंतर धरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. मुळातच फटकळ. 'हिच्या जिभेला हाड नाही,' असं माझी आई पाहुण्यांसमोरही म्हणायची, त्यामुळे सासरच्यांना कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. घराच्या अंगणातच पत्र्याची शेड टाकून ते ऑइल इंजिनं आणि कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करायचे. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे.

नवरा डिप्लोमा करून जळगावकडच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागला होता. तेलाचं घट्ट तूप करायला हायड्रोजन लागतो. तो तिथेच, पाण्यात वीज सोडून तयार करायचे. लागेल तेवढा वापरायचा आणि उरेल तो हवेत सोडून द्यायचा. हे हवेत सोडणं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात बसलं. जेवताना, झोपताना, शेंगा सोलताना एकच विषय. हा वायू जाळला की धूर नाही, काजळी नाही, मागे उरतं ते पाणी. वजनाला सगळ्यात हलका, आणि वजनाच्या मानाने पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता देणारा. दुपारी आभाळात उंच एखादं विमान जाताना दिसलं की तो मान वर करून म्हणायचा, "बघ, एक दिवस हेसुद्धा यावरच उडेल."

"आधी आपली रिक्षा एरंडोलपर्यंत जाऊ द्या," मी म्हणायचे. "विमानाचं नंतर बघू."

रिक्षा खरोखरच होती. कुणीतरी भंगारात काढलेली तीनचाकी त्याने आणली होती आणि आबांच्या शेडमध्ये रविवारी रविवारी तिचं इंजिन खोलून बसायचा. मीही बसायचे. कुणी म्हणेल बायकोने नवऱ्याला साथ दिली वगैरे. साथ कसली, मला उत्सुकता होती. पुस्तकात जे शिकवत होते ते डोळ्यांसमोर चालताना बघायचं होतं. सुरुवातीला इंजिन नुसतं ठसकायचं, मागे भडका मारायचं, बंद पडायचं. पण एका रविवारी चाललं. मी धुराड्याच्या तोंडाशी स्टीलची वाटी धरली आणि तिच्या आतून दव साचलं. त्या दिवशी मी अंगणातच रिक्षाला दोन चकरा मारल्या. मोपेड चालवायची सवय होती, त्यामुळे जमलं.

आबांना यातलं काही पटत नव्हतं. "जे दखास नही, जेना वास नही, त्यानावर गाडी चालाडस म्हने!" ते अहिराणीत शेजाऱ्यांना सांगायचे, जे दिसत नाही, ज्याला वास नाही, त्यावर पोरगा गाडी चालवतो म्हणून. पण पोराला अडवलं नाही, आणि शेडमधली जागाही दिली.

कारखान्याच्या साहेबांनी शेवटी एक छोटा सिलिंडर थोड्या दिवसांसाठी दिला. दसऱ्यानंतर परत करायचा, भरलेला असो की रिकामा. मग ठरलं की दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून रिक्षा गावाबाहेर एरंडोल रस्त्याच्या फाट्यापर्यंत न्यायची, सगळ्यांच्या देखत. नीट गेली तर साहेब आणखी गॅस देणार होते आणि वर शब्द टाकणार होते. नाही गेली तर हा नाद सोडायचा, असं आबांनी बजावलं होतं.

आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी सगळे पाने, हातोडे, छिन्न्या रॉकेलमध्ये धुवायच्या. सकाळी शेडमध्ये पाटावर लाल कापड घालून त्या ओळीने मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू वाहायचा. आणि एकदा का पूजा मांडली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना तेवढीच सुट्टी. एकदा म्हणे ऐन दसऱ्याला कुणाचं तरी इंजिन बंद पडलं आणि पाणी भरायचं अडलं, तरी आबांनी पाना उचलला नव्हता. ही गोष्ट ते अभिमानाने सांगायचे.

आता सिलिंडरचं. त्याला नळासारखी चकती नसते. वर चौकोनी खुंटी असते आणि तिच्यात चावी बसवून गॅस उघडायचा, बंद करायचा. गॅस चालू असेपर्यंत चावी तिथेच राहिली पाहिजे, हा कारखान्यातला पहिला नियम. नवऱ्याने सकाळी इंजिन सुरू करून पाहिलं, नळीच्या तोटीने बंद केलं, सिलिंडरचा गॅस किंचित उघडा ठेवला, चावी खुंटीवर ठेवली आणि अंघोळीला गेला. मुहूर्ताला वेळ नको लागायला म्हणून.

तेवढ्यात अक्का पूजेची हत्यारं गोळा करत शेडमध्ये आल्या. सिलिंडरवर चावी दिसली. चावी म्हणजे हत्यारच. त्यातून लेकाचं, आणि नवीन. ती बिचारी पूजेविना कशी राहील? त्यांनी ती काढली, पदराने पुसली आणि पाटावर मधोमध, कलशाशेजारी ठेवली. पहिलं कुंकू तिलाच लावलं. मी हे पाहिलं असतं तर तिथल्या तिथे ओरडले असते, पण मी घरात पुरणाच्या मागे होते.

दुपार व्हायच्या आत माणसं जमली. शेडची समोरची बाजू सगळी उघडी, ऊन थेट आत आलेलं. रिक्षाला केळीची पानं आणि वरच्या पट्टीला झेंडूची माळ. मागच्या बैठकीवर लाल सिलिंडर लोखंडी पट्टीला बांधून उभा. नवरा पुढे हँडल धरून बसलेला, आबांनी खूण केली की सुरू करायची म्हणून. गल्लीतले नाना, त्यांच्या घरची माणसं, शेजारच्या बायका, सगळे अंगणात. नाना आबांच्या वयाचे, आणि गल्लीत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

आबांनी नारळ फोडला. कुठे? नेमका त्या लोखंडी पट्टीवर, जिला सिलिंडर बांधला होता. दुसऱ्या कुठल्या गाडीवर फोडला असता तर कुणी हरकत घेतली नसती. नारळ फुटला, पट्टी हादरली, आणि सिलिंडर आणि नळीचा सांधा ढिला झाला. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी घंटा वाजत होती, टाळ्या चालू होत्या, आरती सुरू झाली होती. गॅस सुटल्याचा आवाज त्यात कुणाला ऐकू येणार?

आबा कापूर लावलेलं ताट घेऊन रिक्षाच्या मागच्या अंगाला आले आणि ओवाळायला लागले.

'फप्' असा एक आवाज झाला. मोठा नाही. कुणी मान वळवली नाही, आरती चालूच राहिली. पण मी तो ओळखला. दरवर्षी वर्गात मी हायड्रोजन भरलेल्या नळीच्या तोंडाशी जळती काडी नेते आणि मुली हसतात, तो हाच आवाज. मी पाहिलं तर कुठे काही नाही. जाळ नाही, धूर नाही. ऊन लख्ख पडलेलं. फक्त रिक्षाच्या मागची भिंत मला हलल्यासारखी वाटली, तापल्या डांबरावरची हवा हलते तशी.

मग माळ पाहिली. झेंडूची फुलं एका कडेने आक्रसत होती. पिवळ्याची तपकिरी, तपकिरीची काळी. एकेक फूल करपत होतं आणि त्याला जाळणारं काहीच दिसत नव्हतं. दोरा तुटला आणि माळ खाली लोंबली.

"आग लागलीय! आबा, मागे व्हा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या थांबल्या. आबांनी कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं, खाली पाहिलं.

"कोठे शे आग?"

"तुमच्या डोक्यावर! वाका खाली, वाका!"

आरतीत कुणी बोललेलं आबांना चालत नसे, त्यातून सून, आणि तीही वाका म्हणते. ते जिथे होते तिथेच ताट घेऊन उभे राहिले. मी त्यांचा हात धरून ओढलं तेव्हा एक पाऊल मागे आले, तेही रागाने.

नवऱ्याला मात्र माझा चेहरा बघून कळलं. तो उडी मारून उतरला आणि मागे आला. त्याने आग शोधली नाही, ती दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याची नजर सरळ सिलिंडरच्या डोक्यावर गेली आणि तिथे खुंटी नुसती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"चावी? चावी कोणी काढली?"

"पूजामा शे ना," अक्का म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोरगा उगाच घाबरला, चावी हरवली म्हणून.

मी पाटाकडे धावले. आबा माझ्याआधी तिथे पोचले आणि हात आडवा घातला.

"हात नको लावू! आरती व्हई जाऊ दे."

माणूस वाईट नव्हता. पण त्या क्षणी मला ते माझ्या नवऱ्याचे वैरी वाटले. सांध्यातून निघालेला जाळ सिलिंडरच्या गळ्याशी होता. लोखंड तापत होतं, आत गॅस भरलेला. तो तापून फुटला असता तर पूजा करायला कोण उरलं असतं? हे सगळं समजावून सांगायला आरतीच्या एका कडव्याएवढाही वेळ नव्हता. मी त्यांच्या हाताखालून वाकून लाल कापडाला हात घातला आणि ओढलं. पाट उलटला. कलश गडगडत अंगणात गेला, हत्यारं खणखणत फरशीवर पडली, आणि बायकांनी "अगं माय!" म्हणून तोंडावर हात घेतले. झेंडूच्या ढिगात मला चावी सापडली, कुंकवाने माखलेली. मी ती नवऱ्याकडे फेकली.

त्याने रांजणाला गुंडाळलेलं ओलं पोतं ओढून उजव्या हाताभोवती घेतलं होतं. चावी पकडली, आणि जिथे काहीही दिसत नव्हतं तिथे हात घातला. पोत्यातून वाफ निघाली. पोत्याचं टोक काळं पडलं. चावी खुंटीवर बसेना. कुंकवाने बुळबुळीत झाली होती, एकदा घसरली. त्याने पुन्हा बसवली. मी बादलीने सिलिंडरवर पाणी मारत होते आणि देवाचं नाव घेत होते. जिची पूजा मी नुकतीच उधळली होती, त्याच देवीचं.

"बंद झाला," तो म्हणाला.

तेव्हा एक बारीक फुसफुस थांबली. ती थांबली म्हणून कळलं की इतका वेळ चालू होती.

हात भाजला होता. पोत्याच्या फटीतून तळव्याची, बोटांची कातडी सोलून निघाली होती. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि हात राहील म्हणाले, पण महिनाभर काही धरायचं नाही.

घरी आलो तर अंगणात वेगळंच न्यायालय बसलेलं. अक्कांनी हत्यारं पुन्हा धुवून पूजा मांडली होती. डोळे सुजले होते त्यांचे. नाना खाटेवर बसून सांगत होते, "पूजा मोडी म्हनीसन हात जयना. देवीनी लगेच दखाडं."

"नाना, आग लागली होती हो," नवरा म्हणाला.

"कोनले दखायनी? माले तर नही दखायनी."

"वारा तरी कुठे दिसतो?" मी म्हटलं. "तरी तुमच्या गोठ्याचे पत्रे मागच्या साली उडालेच ना?"

नानांनी माझ्याशी बोलणं सोडून दिलं आणि आबांना सांगितलं, की सुनेला पद्मालयला न्या, गणपतीपुढे नाक घासायला लावा, नाहीतर घराला बरं नाही. आग आधी लागली की पूजा आधी मोडली, याचा हिशोब कुणी मांडत नव्हतं. मोडली आधी, भाजला नंतर, म्हणजे त्याच्यामुळेच. आबा मान खाली घालून बसले होते. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते गप्प बसले त्याचं मला फार लागलं. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली, आबांना, अक्कांना पानं दिली, पाया पडली आणि माझ्यासमोरून निघून गेली.

त्यानंतर नवऱ्याने मला विचारलं, "उद्या तू चालवशील?"

मला वाटलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध डोक्यात गेलं.

"गॅस अजून आहे. परवा सिलिंडर परत जाईल. माझ्या हाताने अॅक्सिलरेटर पिळला जाणार नाही. तुला येतं."

"लाज वाटते का काही? सकाळी मेला असतात तुम्ही!"

"मेलो असतो," तो म्हणाला. "पण गॅसचं काय चुकलं? नारळ सांध्याशेजारी फोडला. कापूर नळीजवळ नेला. चावी जागेवर नव्हती. तिथे पेट्रोलची उघडी टाकी असती तर तिने माफ केलं असतं का? शेड तरी उरली असती का?"

बरोबर होतं त्याचं. म्हणूनच जास्त राग आला. मी खूप भांडले, रडले, शाळेत मुलींना या वायूचे जे गुण सांगते, तेच अवगुण म्हणून त्याला ऐकवून पाहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही. नुसता पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला. मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता, कायमचा. आणि गल्लीत एकच गोष्ट उरली असती, देवीने शिक्षा केली ती.

सकाळी मी सांधा पान्याने घट्ट आवळला आणि साबणाचं पाणी केलं. मग नवऱ्याने डाव्या हाताने चावी फिरवली, मी सांध्याला पाणी लावलं, आणि कान लावून ऐकलं. एकही बुडबुडा नाही. पुन्हा लावून पाहिलं. ना माळ होती, ना कापूर. नाना आणि बाकीचे रस्त्याच्या पलीकडे उभे होते, अंतर ठेवून. काही झालं असतं तर त्यांना माझंच नाव घ्यायचं होतं.

मी पुढे बसले. नवरा मागे, चावीवर डावा हात ठेवून. मी किक मारणार तोच आबा घरातून बाहेर आले. धोतर, सदरा, टोपी. कुणाकडे न बघता सरळ आले आणि रिक्षात चढले.

"तुम्ही कोठे चालनात?" अक्का धावत आल्या.

"मी बसस मांगे."

"तुम्हनं डोकं फिरनं का?"

आबा सरकून बसले. सिलिंडरच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला बाप. आता एकट्या नवऱ्याचा जीव माझ्या मुठीत नव्हता. मी किक मारली, अॅक्सिलरेटर पिळला. इंजिन दोनदा ठसकलं आणि चालू झालं.

गावातून जाताना मी ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. प्रत्येक खड्ड्याला माझं लक्ष मागे, सांध्याकडे. प्रत्येक ठसक्याला वाटायचं, आता. कपाशीची शेतं लागली. मला फक्त एवढंच हवं होतं, की तो फाटा यावा, गाडी वळवावी आणि दोघांना घरी नेऊन उतरवावं.

फाटा दिसला. मागून काही येत नाही ना म्हणून मी आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता. आरशात आबांचं डोकं होतं, आणि त्यांच्या पांढऱ्या टोपीची वरची कड करपलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी. कालचीच टोपी. घरात खुंटीवर धुतलेल्या टोप्या होत्या, त्यांतली त्यांनी घेतली नव्हती. काल अंगणात मान खाली घालून बसले होते तेव्हा ही टोपी त्यांच्या हातात असणार.

मी वेग कमी केला. गाडी वळवायला हँडल फिरवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वळाडू नको, बेटा. एरंडोल लगून चाल."

मी गाडी वळवली नाही.